महत्त्वाची सूचना: एक्सचा दोन-तृतीयांश घात

मुलुंडमधल्या आमच्या सोसायटीतली छत्तीस घरं एका रविवारी सकाळी अंगाला साबण लावून कोरडी बसली, आणि त्याला मी जबाबदार होते. मी टाकी फोडली नाही, पंप जाळला नाही. मी फक्त एका फंक्शनचं डेरिव्हेटिव्ह काढत होते.

हे नीट सांगायला हवं, कारण सोसायटीत या प्रकाराच्या निदान पाच आवृत्त्या फिरतात आणि त्यांतल्या एकीत मी रडले असंही आहे. मी रडले नाही. (डोळ्यांत तेल गेलं होतं.)

मी केतकी परब. गणितात बीएस्सी, शाळा इंग्लिश मीडियम, आणि स्वभाव असा की लिफ्टमध्ये ओळखीचं कुणी दिसलं तर मी चार मजले चालत जाते. अशा मुलीनं शिकवायच्या नोकरीसाठी अर्ज करू नये, हे मलाही कळत होतं. पण स्टेशनजवळच्या एका क्लासला अकरावी-बारावीसाठी मॅथ्स टीचर हवी होती आणि मला घरातून बाहेर पडायला कारण हवं होतं. अट एकच. मुलं मराठी शाळांतून आलेली, कॉलेजात सगळं इंग्लिशमध्ये अंगावर आल्यानं बावचळलेली. तेव्हा समजावून सांगायचं ते मराठीत. रविवारी अकरा वाजता डेमो लेक्चर. विषय क्लासच्या सरांनीच दिला: अपूर्णांकी घात असलेल्या फंक्शनचं डेरिव्हेटिव्ह, लिमिट वापरून.

"फॉर्म्युला नको," सर फोनवर म्हणाले. "फॉर्म्युला पोपटसुद्धा सांगेल. तो आला कुठून, ते सांगा."

मी एक्सचा दोन-तृतीयांश घात निवडला. वहीत पाच मिनिटांत झालं. अडचण वहीची नव्हतीच! अडचण अशी की शाळेच्या दहा वर्षांत मला कोणी फळ्यापाशी बोलावलं नव्हतं (मी तशी व्यवस्था ठेवायचे: उंच मुलीच्या मागचा बाक). कपाटाच्या दारावर खडूनं लिहून बघितलं, तर ओळ डावीकडे गुडघ्यापाशी सुरू झाली आणि उजवीकडे डोक्यावरून निघून गेली. सरावाला खरा फळा हवा होता.

खरा फळा आमच्या बिल्डिंगमध्ये एकच. तळमजल्यावर, लेटरबॉक्सच्या शेजारी, सोसायटीचा सूचनाफलक. आणि तो माझ्या बाबांचा होता.

म्हणजे मालकी सोसायटीची. पण बाबा चौदा वर्षं सचिव आहेत आणि चौदा वर्षांत त्या फलकाला दुसऱ्या कुणाचा खडू लागलेला नाही. बाबांचं अक्षर सुंदर आहे, आणि त्यांना ते माहीत आहे. वर लाल खडूनं 'महत्त्वाची सूचना', त्याखाली दुहेरी रेघ, मग पांढऱ्या खडूत मजकूर, आणि तळाला उजव्या कोपऱ्यात 'आपला विश्वासू, सचिव' आणि शेपटी वळवलेली सही. सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप होता. पण गुड मॉर्निंगच्या फुलांवरून दोन विंगांमध्ये भांडण पेटलं तेव्हा बाबांनी तो बंद केला. "फलक वाचा," ते म्हणाले. "फलक फॉरवर्ड करता येत नाही." शिवाय त्यांचं एक तत्त्व आहे: सूचना घरातसुद्धा आधी सांगायची नाही. आईनंही भाजीला जाताना खाली उभं राहून, सगळ्यांसारखीच वाचायची.

"घरात सांगलात तर जीभ झिजतली काय?" आई विचारते. (ती एरवी मुलुंडची असते, चिडली की थेट मालवणला पोचते.)

"पक्षपात होतो," बाबा म्हणतात.

त्या शनिवारी बाबांनी दुपारी एकला सूचना लिहिली आणि ते तसेच कळव्याला आत्याकडे राहायला गेले. अडीचच्या सुमारास बिल्डिंग झोपली. मी खडू आणि डस्टर घेऊन खाली उतरले.

फलकावर वर चार ओळींचा मजकूर, तळाला सही आणि मधे भरपूर काळी जागा. तेवढी मला पुरणार होती. मी सुरुवात केली.

यात करायचं असतं ते सोपं असतं. एक्सला जरासं पुढे सरकवायचं. त्या 'जरासं'ला एच म्हणायचं. नव्या किमतीतून जुनी वजा करायची, एचनं भागायचं, आणि मग एचला शून्याच्या जवळ जवळ न्यायचं. एकदम शून्य केला, तर शून्य भागिले शून्य होतं आणि तिथे गणित हात वर करतं. म्हणून आधी छेदातला एच कसाही करून काढून टाकायचा. घात साधा दोन किंवा तीन असता, तर कंस सोडवल्यावर एच आपणहून बाहेर आला असता. पण अपूर्णांकी घातात तो घनमुळाच्या आत दडी मारून बसतो. त्याला बाहेर काढायला वर आणि खाली एका लांबलचक कंसानं गुणावं लागतं.

लांबलचक म्हणजे किती, हे वहीत कळत नाही! शेवटच्या बाकाला दिसावं म्हणून मी अक्षर मोठं काढत होते. दुसऱ्याच ओळीत छेद लेटरबॉक्सपर्यंत पोचला. तिसरी ओळ दोन ओळींत मावली. चौथीला जागाच नव्हती. मी वर बघितलं. वर बाबांचा मजकूर होता.

मी बेजबाबदार नाही. मी आधी फोटो काढला. सराव झाला की सूचना जशीच्या तशी परत लिहायची, असं ठरवलं. (फोटो वाचला मात्र नाही. बाबांचं वळणदार मराठी वाचायला मला वेळ लागतो. शिवाय त्यांच्या दहापैकी नऊ सूचना गाड्या कुठे लावू नयेत याबद्दल असतात, आणि आमच्याकडे गाडी नाही.) मग एक ओळ पुसली. मग दुसरी. मग उरलेल्या दोन. 'महत्त्वाची सूचना' पुसायला हात धजला नाही, इतकं ते सुबक होतं. सही कोपऱ्यात होती, ती मधे येत नव्हती.

आता फक्त एच बाहेर पडायचा बाकी होता, आणि तेवढ्यात तळमजल्यावरच्या बोरकरकाकूंच्या दाराची कडी वाजली. मी पळाले. चौथ्या मजल्यावर पोचल्यावर लक्षात आलं की मी डस्टर छातीशी धरून आले आहे, आणि फलकावर वर 'महत्त्वाची सूचना', मधे माझं अर्धवट डेरिव्हेटिव्ह आणि खाली बाबांची सही आहे.

पाच वाजता परत उतरले. जिन्याच्या वळणावरूनच आवाज आले. फलकासमोर चार माणसं उभी होती आणि मधे सामंतकाका, चष्मा कपाळावर. सामंतकाका तिसऱ्या मजल्यावर राहतात, रिटायर्ड इंजिनिअर आहेत आणि दर निवडणुकीत सचिवपदासाठी बाबांविरुद्ध उभे राहून पडतात. पुढची निवडणूक आठ दिवसांवर आली होती.

"हा मला टोमणा आहे," सामंतकाका म्हणत होते. "मागच्या मीटिंगला मी बोललो ना, सचिव शिकलेला पाहिजे? त्याचं उत्तर दिलंय यांनी. कॅल्क्युलसमध्ये!"

"पण परब कॉमर्सचे ना?" कुणीतरी म्हणालं.

"सही तर त्यांचीच आहे," बोरकरकाकू म्हणाल्या.

दुसरी कुणी असती तर चार पायऱ्या उतरून "अहो, ते माझं आहे" म्हणाली असती. मी चार पायऱ्या चढले. सात वाजता पुन्हा गेले, तर तिथे सहा माणसं. मग आईनं हाक मारली, पुढ्यात बसवलं आणि वाटीभर खोबरेल माझ्या डोक्यात जिरवलं. "उद्या डोक्याचं काम आहे, डोकं थंड पाहिजे. सकाळी न्हाऊन जा." मी म्हटलं, ठीक आहे, पहाटे उठून सूचना लिहून टाकू. गाड्यांचंच तर असणार!

झोप मात्र लागता लागत नव्हती, म्हणून उठायला सात वाजले. बाथरूममध्ये गेले, नळ सोडला. नळ एकदा खोकला आणि गप्प झाला.

मी तिथेच, डोक्यावरून तेल गळत असताना, फोन काढून फोटो वाचला. 'रविवारी सकाळी सात ते दुपारी दोन या वेळेत गच्चीवरील टाक्या साफ करण्यात येणार असल्याने पाणीपुरवठा बंद राहील. रहिवाशांनी आदल्या दिवशी पाणी भरून ठेवावे.' मराठी मी आयुष्यात एवढ्या भरभर वाचलं नव्हतं.

खाली आले तेव्हा सगळी बिल्डिंग फलकापाशी जमली होती. टाक्या रिकाम्या झाल्या होत्या. टाकीवाले वर घासत होते. बोरकरकाकूंचे दोन्ही हात डोशाच्या पिठात माखलेले. कुणी डोक्याला टॉवेल गुंडाळून. सामंतकाकांची अर्धी दाढी झालेली आणि अर्ध्या गालावर फेस तसाच. आणि नेमके त्याच वेळी गेटमधून बाबा आत आले. हातात आत्यानं दिलेला आंबोळ्यांचा डबा.

"या, सचिव, या!" सामंतकाका म्हणाले. "पाणी कुठाय?"

"टाकी साफ करताहेत. सूचना लावली होती ना काल?"

"कुठली सूचना?"

"ही काय," असं म्हणत बाबांनी फलकाकडे हात केला, आणि तो हात तसाच हवेत राहिला.

मी त्यांचा चेहरा पाहत होते. ते आधी वरचं शीर्षक वाचत गेले, मग मधलं, मग खालची सही. स्वतःचीच सही त्यांनी दोनदा वाचली.

"हे... मी लिहिलेलं नाही."

"सही तुमची आहे."

"सही माझी आहे. पण हे मी लिहिलेलं नाही. मी पाण्याचं लिहिलं होतं."

"पुरावा?" सामंतकाकांच्या गालावरचा फेस सुकायला लागला होता, त्यामुळे त्यांना तोंड फारसं उघडता येत नव्हतं, पण त्यांनी आवाजात भरून काढलं. "चौदा वर्षं आम्ही या फलकावर विश्वास ठेवला. ग्रुप बंद केलात, फलक वाचा म्हणालात. हा घ्या फलक! सचिव सूचना द्यायला विसरतो आणि वर लोकांची चेष्टा करतो. पुढच्या रविवारी बघू!"

बाबांनी पुन्हा फलकाकडे बघितलं. ते कधी विसरत नाहीत. पण त्या क्षणी त्यांना स्वतःलाच शंका यायला लागली होती, हे मला दिसलं. खिशातला रुमाल काढून त्यांनी डब्याचं झाकण पुसलं. झाकण स्वच्छच होतं.

"बघ गो, कसो बोलता तो!" आई माझ्या कानाशी कुजबुजली.

पुरावा माझ्या हातात होता. फोनमध्ये. तो दाखवायचा, तर तो कुणी काढला आणि का, तेही सांगावं लागणार. छत्तीस घरांसमोर. डोक्याला वाटीभर तेल असताना.

"मी पुसली," मी म्हणाले.

कुणाला ऐकू गेलं नाही. मला याची सवय आहे. एरवी मी दुसऱ्यांदा म्हणत नाही.

"मी पुसली!" हा आवाज लेटरबॉक्सच्या पत्र्यांवर आदळून परत आला आणि त्यानं सगळ्यात जास्त मीच दचकले. "सूचना. काल. बाबांनी लिहिली होती. हा फोटो."

फोन हातोहात फिरला. परत आला तेव्हा त्याला खोबरेल, डोशाचं पीठ आणि दाढीचा फेस असं तिन्ही लागलेलं होतं. सामंतकाकांनी फोटो मोठा करून तारीख-वेळ तपासली, मग म्हणाले, "हं. परब, सूचना होती." एवढं बोलताना त्यांच्या गालावरच्या फेसाला तडा गेला. बाबांनी डबा या हातातून त्या हातात घेतला आणि माझ्याकडे बघितलं. रागावले होते की सुटल्यासारखं वाटत होतं, कळलं नाही. बहुतेक दोन्ही, सम प्रमाणात.

मला वाटलं, संपलं. पण बोरकरकाकू पुढे आल्या.

"थांब. हे एवढं काय महत्त्वाचं होतं, ज्याच्यापायी आमचं पाणी गेलं? ते तरी कळू दे!"

"ते... डेरिव्हेटिव्ह आहे. डेमो आहे माझा. अकराला."

"मग सांग ना. दोनपर्यंत काय काम आहे आम्हाला? भांडी घासू?"

कुणी जिन्यावर बसलं, कुणी स्कूटरवर. बाबांनी खिशातून खडू काढला (त्यांच्या खिशात खडू असतो) आणि माझ्या हातात दिला. चौदा वर्षांत पहिल्यांदा, दुसऱ्या कुणाच्या हातात.

मी एच सांगितला. तो शून्याच्या जवळ जात राहतो, पण शून्य होत नाही, असं सांगितलं.

"आमच्या बी विंगच्या पाण्याच्या प्रेशरसारखं," मागून कुणीतरी म्हणालं.

"हो," मी म्हणाले. "तसंच." आणि कुणी हसण्याआधी पुढची ओळ लिहायला घेतली. ओळ परत लेटरबॉक्सकडे निघाली. एक्स अधिक एचचं घनमूळ, त्याचा वर्ग, अधिक एक्स अधिक एचचं घनमूळ गुणिले एक्सचं घनमूळ... जागा संपत होती.

"अगं, किती लांब नावं लिहितेस!" बोरकरकाकू म्हणाल्या. "तेच तेच दोनदा, तीनदा. आपल्या विंगांची नावं काय आहेत? 'मातृस्मृती' आणि 'पितृस्मृती'. म्हणतं का कोणी? ए आणि बी म्हणतात. तूही म्हण ना ए आणि बी!"

मी खडू फलकावर टेकवून तशीच उभी राहिले.

हे मला माहीत नव्हतं असं नाही. बीएस्सीत तीन वर्षं हेच केलं. पण मुलांचा गोंधळ नको म्हणून सगळं पूर्ण लिहायचं, असं मी ठरवलं होतं, आणि मी एकदा ठरवलं की त्याचा त्रास सगळ्यांना होतो. मी सगळं पुसलं. (यावेळी विचारून.) एक्स अधिक एचचं घनमूळ ते ए. एक्सचं घनमूळ ते बी. वर राहिलं ए वर्ग वजा बी वर्ग. खालचा एच म्हणजे ए घन वजा बी घन. दोघांतूनही ए वजा बी बाहेर काढला आणि खोडला. गडबड करणारा तोच होता! वर उरलं ए अधिक बी. खाली ए वर्ग, अधिक ए बी, अधिक बी वर्ग.

"आता एच शून्याकडे गेला, की ए आणि बी यांच्यात फरकच उरत नाही," मी म्हणाले.

"आमच्या मीटिंगमध्ये सांग हे," आई म्हणाली.

वर दोन बी, खाली तीन बी वर्ग. म्हणजे दोन भागिले तीन बी. चार ओळी. संपलं.

सामंतकाकांनी बोटांवर हिशेब केला. "फॉर्म्युल्यानं बघू. घात पुढे आणा: दोन-तृतीयांश. घातातून एक वजा: उणे एक-तृतीयांश. तेच! बरोबर आहे."

"म्हणजे उत्तर आधीच माहीत होतं?" बोरकरकाकूंनी विचारलं. "मग पाणी कशाला घालवलं?"

बाबा फलकाजवळ गेले. माझ्या चार ओळींची उंची त्यांनी वितीनं मोजली, मग वरची जागा मोजली.

"सूचनेच्या खाली बसलं असतं," ते शांतपणे म्हणाले.

डेमोला मी तशीच गेले. बादलीभर पाणी मागावं, तर कुणाकडे ते नव्हतंच, आणि असतं तरी मला कुणी दिलं नसतं. तेल निघेना, म्हणून आईनं घट्ट वेणी घातली. वर्गात बारा मुलं आणि मागे सर. छत्तीस घरांनंतर बारा मुलं काहीच वाटली नाहीत. मी ए विंग, बी विंग करत चार ओळींत संपवलं. एक मुलगा म्हणाला, "मिस, एवढंच?" मी म्हणाले, "एवढंच. पण माझा कालचा दिवस गेला यात."

पुढच्या रविवारी बाबा बिनविरोध निवडून आले. सामंतकाकांनी अर्ज भरलाच नाही. उलट एक ठराव मांडला: 'सचिवांच्या कुटुंबीयांनी फलकाला हात लावू नये.' चौदा वर्षांत एकमतानं मंजूर झालेला हा पहिला ठराव. बाबांनी तो लाल खडूनं फलकावर लिहिला आणि खाली नेहमीपेक्षा मोठी सही केली.

आणि मला नोकरी मिळाली. सर म्हणाले, "शिकवणं ठीक आहे, सुधारेल. पण तुमची ती तेल लावलेली वेणी! पालकांना अशीच टीचर हवी असते. विश्वास बसतो." त्यांनी तसाच फोटो काढून क्लासच्या बॅनरवर छापला. तो नाक्यावर लटकतो. आता फोटोसारखं दिसणं भाग आहे. सोमवार ते शनिवार लेक्चर, म्हणून सोमवार ते शनिवार तेल. रविवारी मी केस धुते, दोनदा शॅम्पू लावते, आणि तेल शून्याच्या अगदी जवळ जातं. शून्य होत नाही.